खुर्चीचं क्रियापद

मोंत्रोश,
शुक्रवार, ७ नोव्हेंबर १९८६

प्रिय क्लोतिल्द,

आज सकाळी बराच वेळ धुकं होतं. गाजरांचा वाफा खणून काढला, पन्हाळीत अडकलेली पानं काढली, दुपारी मसुराचं सूप केलं. गुडघा ठीक आहे. तुम्ही दोघं बरे असाल असं धरून चालतो. रेमोंच्या पाठीचं काय झालं ते कळव.

तुझी दोन्ही पत्रं मिळाली. तुमच्या नांतच्या घरातल्या वरच्या मजल्यावरच्या खोलीविषयी तू विचारलं आहेस, त्याचं उत्तर द्यायचं राहून गेलं. त्याकडे येतो. आधी इकडची हकीकत सांगतो.

शनिवारी सर्व संतांच्या दिवशी एलियानच्या कबरीवर शेवंतीची कुंडी ठेवली. तू पाठवलेली पांढरी तिच्या शेजारीच आहे. एलियानला स्वतःला शेवंती आवडत नसे. मेल्याशिवाय कोणी देत नाही आणि मेल्यावर नको म्हणता येत नाही, असं म्हणायची. पण न ठेवावी तर गाव विचारतं.

आता मुख्य गोष्ट. एलियानची गुरुवारची मंडळी तुला ऐकून माहीत आहे. संध्याकाळी पाच वाजता, मादाम लाकोम्बच्या काफेची मागची खोली, आणि सात-आठ म्हातारे जमून फ्रेंच क्रियापदं विध्यर्थी अपूर्ण भूतकाळात चालवतात. तो काळ आता कोणी बोलत नाही, लिहीतही नाही. तू तर शाळेतच त्यातून सुटलीस. या मंडळींचं म्हणणं असं की कोणी तरी वापरला नाही तर तो गंजेल. त्यामुळे तिथे कोणी "मीठ द्या" म्हणत नाही. "आपण मजकडे मीठ सरकवावेत अशी माझी मनीषा होती" असं म्हणतात. मग समोरचा तितक्याच शांतपणे ते सरकवतो. तोवर बटाटे गार होतात.

मी कधी गेलो नाही. आयुष्य जमिनी मोजण्यात गेलं. साखळी आणि खुंटी यांना व्याकरण लागत नाही. गुरुवारी एलियान चौक ओलांडून काफेत जायची आणि मी घरी राहायचो. दोघांनाही ते पसंत होतं.

पण मंडळीचा एक नियम आहे. तिथे प्रत्येक खुर्चीचं एक क्रियापद असतं. ती खुर्ची ज्याने पहिल्यांदा घेतली त्याने त्या दिवशी जे क्रियापद चालवलं, ते कायमचं तिचं. माणूस गेला की खुर्ची सर्व संतांच्या दिवसापर्यंत रिकामी ठेवतात. त्यानंतरच्या पहिल्या गुरुवारी घरच्या कोणी तरी उभं राहून ते क्रियापद सहाही रूपांत न अडखळता म्हटलं, तर खुर्ची घरात राहते. नाही तर ज्याने मागितली असेल त्याला जाते.

एलियानची खुर्ची मागितली होती मस्यू वीदालनी. वकिलाकडे कारकून होते, आता निवृत्त. उंच, बारीक, रुमालाची घडी करूनच शिंकणारा माणूस. ते स्वल्पविरामसुद्धा उच्चारतात, असं एलियान म्हणायची. आणि त्यांची नजर आपल्या खुर्चीवर आहे हे तिला ठाऊक होतं. आजारपणात एकदा मला म्हणाली होती, "तो वीदाल माझ्या जागी बसला ना, तर वरून पाय आपटीन. तुला आढ्यातून ऐकू येईल."

म्हणून मी सप्टेंबरमध्ये मंडळीच्या अध्यक्ष मादाम पेलिसिये यांना जाऊन सांगितलं की मी उभा राहणार आहे. त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. तिच्या खुर्चीचं क्रियापद माहीत आहे का, असं विचारलं. मला माहीत नव्हतं.

ते क्रियापद "बसणे" हे आहे. एलियानने पहिल्या दिवशी मुद्दाम ते निवडलं होतं, सगळ्यांना हसवायला. तू एकदा मोठ्याने म्हणून बघ. कु झ्य मासिस, कु त्यू तासिस, कील सासी. इथवर माणूस सावरून नेतो. पुढे आहे कु नू नूझासिस्यों. ते म्हणताना सोड्याच्या बाटलीचं बूच अर्धवट उडाल्यासारखा आवाज होतो. मादाम पेलिसियेंनी नमुन्यादाखल म्हणून दाखवलं तेव्हा त्यांचं मांजर खोलीतून उठून गेलं.

मी तालीम सुरू केली. बागेत म्हणायचो, जिन्यावर म्हणायचो. न्हाव्याने मला दोनदा सांगितलं की मस्यू, एक तर बोला नाही तर मान स्थिर ठेवा, कान एकच जोडी आहे. पावाच्या दुकानात रांगेत उभा असताना माझ्या नकळत जरा मोठ्याने म्हटलं गेलं. मी बसावं, तू बसावंस, त्याने बसावं. पुढच्या बाईंनी वळून पाहिलं. दुकानदारीण आतून स्टूल घेऊन आली. मी नको म्हटलं तर म्हणाली, "बसा हो. बायको गेली की माणूस असाच खचतो. माझे काका उभ्या उभ्या गेले." रांगेतल्या सगळ्यांसमोर मला त्या स्टुलावर बसावं लागलं. संध्याकाळी डॉक्टर स्वतःहून घरी आले आणि रक्तदाब घेऊन गेले.

एक सांगायला हवं. फेब्रुवारीत चर्चच्या दाराशी आपण भेटलो त्यानंतर मी फारसा कोणाशी बोलत नव्हतो. गरज पडली नाही. तू फोनवर म्हणालीस की माझा आवाज गंजलेल्या फाटकासारखा येतो, ते खरं होतं. तर या क्रियापदामुळे निदान तोंड उघडं राहिलं.

काल गुरुवार होता. दुपारी दाढी केली, राखाडी कोट घातला. बटणाचा दोरा सैल होता, तो तसाच राहू दिला. मादाम लाकोम्बने मला मागच्या खोलीत नेलं. गावातल्या वाइनच्या दोन बाटल्या, सॉसेज, लोणच्यातल्या काकड्या. सगळे बसलेले. एलियानची खुर्ची खिडकीशी आहे, वेताची, तिच्यावर तिची निळी उशी. मी खुर्चीच्या मागे उभा राहिलो आणि तिच्या पाठीवर हात ठेवला. नियमाप्रमाणे कोणी हसायचं नाही. जो हसेल त्याने पेले विसळायचे.

मी म्हणायला लागलो. तिसऱ्या रूपापर्यंत नीट गेलो. चौथ्याला पोचलो आणि मादाम लाकोम्बच दारात उभ्या उभ्या हसल्या. त्या म्हणाल्या की पेले तसेही मीच विसळते, मला काय धाक. मग खाटीक ब्लेझो हसला. मादाम पेलिसियेंनी टेबलावर चमचा वाजवला. मी थांबलो होतो, पण अडखळलो नव्हतो. यावर थोडी चर्चा झाली. वीदालनी हात वर करून सांगितलं की थांबणं वेगळं आणि अडखळणं वेगळं, उमेदवाराने पुढे जावं. मला ते अनपेक्षित होतं. मी पाचवं म्हटलं, सहावं म्हटलं, आणि संपलं.

टाळ्या वाजल्या. खुर्ची घरात राहिली. मी सर्वांचे आभार मानले आणि कोट उचलला.

"कुठे निघालात?" मादाम पेलिसियेंनी विचारलं.

मी म्हटलं, घरी. खुर्ची राहिली ना आमची.

"राहिली म्हणजे तुम्ही बसायचं. दर गुरुवारी. खुर्ची काय संग्रहालयात ठेवायला दिलीय?"

क्लोतिल्द, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. दीड महिना मी ते एकच क्रियापद म्हणत होतो. तिथे मला बसावं लागेल, हा विचार एकदाही मनाला शिवला नाही. मला वाटत होतं की मी जिंकलो की ती रिकामी राहील. कोणीच बसणार नाही. एवढंच मला हवं होतं. मी तसाच उभा राहिलो. ब्लेझोने सॉसेज कापायचं थांबवलं.

वीदाल म्हणाले, "बसा, मस्यू आन्सेल्म. आपण बसावेत अशी मादाम एलियान यांचीही इच्छा होती." मंडळीतल्या भाषेतच म्हणाले, पण चेष्टेने नाही.

मी बसलो. उशी माझ्यासाठी लहान आहे. समोर खिडकी, खिडकीबाहेर चौक, आणि चौकापलीकडे सरळ समोर आमचं स्वयंपाकघर. पडदा नसलेली खिडकी, सबंध. अंधार पडायला लागला होता आणि मी दिवा लावून निघालो होतो. टेबल दिसत होतं, शेगडी दिसत होती, खुंटीवरचा माझा एप्रनसुद्धा.

ती घरी यायची आणि म्हणायची, आज तव्यातूनच खाल्लंस ना. किंवा, माझ्या चष्म्याने वर्तमानपत्र वाचू नकोस, डोळे बिघडतील. एकदा म्हणाली, रेडिओबरोबर नाचायचं तर नाच, पण झाडूला इतकं घट्ट धरू नकोस. मी समजायचो, हिचं नाक तिखट आहे, शाळेत शिकवताना मुलं ओळखून ओळखून अंदाज बांधायला शिकली आहे. कसला अंदाज. ती इथे बसून बघत होती.

वीदालनी माझा पेला भरला. "त्या मधेच हसायच्या," ते म्हणाले. "आम्हाला वाटायचं, आमच्या बोलण्याला. पण माझ्या बोलण्याला कोणी हसत नाही, ते मला माहीत आहे. म्हणून ही जागा हवी होती. त्या कशाला हसतात ते एकदा बघायचं होतं."

मी त्यांना खिडकी दाखवली. ते वाकले, बराच वेळ पाहत राहिले.

"आता तिथे कोणीच नाही," ते म्हणाले.

मी म्हटलं, नाही.

मग त्यांनी मला काकड्या पुढे केल्या, मी मागितल्या नसताना.

तर खोलीचं उत्तर. मी नांतला राहायला येत नाही. तुझं मन मोठं आहे आणि ती खोली चांगली आहे, उन्हाची. पण तीन गुरुवार चुकले तर खुर्ची जाते, असा नियम आहे. हे कारण तुला तकलादू वाटेल. दुसरंही एक आहे. तुझ्याकडे आलो असतो तर एलियान वारली असं मला म्हणावं लागलं नसतं. आपण दोघं ती कुठे तरी गेली आहे असंच बोलत राहिलो असतो, आणि ते आपल्याला छान जमलं असतं. आता ते लिहून टाकलं आहे. एलियान वारली.

नाताळात तुम्ही दोघं इकडे या. रेमोंची गुरुवारी सोय करता येईल, मंडळीत पाहुण्यांना माफक चुका करायची मुभा आहे.

बागेतले लीकचे लांब कांदे काढून ठेवले आहेत. त्यांच्या पापुद्र्यांत माती फार राहते, आता नळाखाली धरून एकेक उकलून धुतो.

अजूनही तुझा मेहुणा,
आन्सेल्म