आहेराचं कापड

माय, तुझी पत्र्याची पेटी रिकामी केली. अण्णांनीच करायला लावली, हे आधी सांगतो. तू गेल्यापासून आम्ही तिच्यात अण्णांना लग्नांतून मिळालेले पॅन्टपीस, शर्टपीस टाकत आलो. कुणाकडे आहेर न्यायचा असला की त्यातलाच एक काढायचा; तुझी शिकवणच तशी होती. लहानपणी मी एकदा निळं कापड शिवायला मागितलं, तर तू भाकरी थापता थापता म्हणालीस, "त्याला कात्री लावायची न्हाई. फिरतं कापड हाय ते. आज आपल्या घरी, उद्या दुसऱ्याच्या." तव्यावरची भाकरी उलटलीस आणि म्हणालीस, "हात पूस आन् घडी घाल." आता परळीतल्या शिलाईच्या दुकानात मी तशीच घडी घालतो, हात पुसून.

तुझ्या वेळी अण्णांच्या अंगावर एकच रंग असायचा. औष्णिक केंद्राची राख ते ट्रकमध्ये भरायचे, म्हणून तू त्यांच्यासाठी करडंच घ्यायचीस. मळलेलं दिसत नाही. ते काम आता सुटलं. अण्णा एका मंगल कार्यालयात पाहुण्यांची व्यवस्था बघतात. पन्नाशीला टेकलेत. एका सकाळी त्यांनी पेटीतली सगळी कापडं पलंगावर पसरली आणि म्हणाले, "शिव. पॅन्टी साध्या, कडक इस्त्रीच्या. शर्टं मातर माझ्या मनाची." आणि पहिलं उचललं ते पिवळं, पांढऱ्या बदकांचं. मी म्हणालो, हे लेकराला शोभेल. "कावून? मोठ्या माणसाला बदकं चावत्यात व्हय?"

मी शिवलं. खिसा असा लावला की एकही बदक मधे तुटू नये. पण धाकट्या बहिणीच्या सुपारीला, तिलाही घेऊन, माजलगावला जायचं ठरलं आणि अण्णांनी तोच शर्ट काढला, तेव्हा मला रात्रभर झोप नाही. मुलीचा बाप असा आला तर सोयरे काय म्हणतील? जमलेलं मोडलं तर? एक करडा शर्ट इस्त्री करून मी पिशवीत घेतला.

बैठकीत चहा येतो. मुलाचे मामा कपाला हात न लावता अण्णांकडे बघत राहतात. "पाव्हणं, हे कापड कुठलं?"

"आहेरात आल्यालं," अण्णा म्हणतात.

"हे तर मी आमच्या गेवराईच्या साडूला दिल्यालं. तुमच्याकडं कसं आलं?"

म्हणजे साडूने पुढे दिलं, त्यानेही पुढे दिलं; आणि बैठकीत असा कुणीच नव्हता ज्याने तसं केलं नाही. धाकटी दारामागे उभी. माझा हात पिशवीत.

अण्णा शर्टाकडे एकदा खाली बघतात. "चालत आलं आसंल. बदकं हायेत ती."

आधी मामाच हसले. "लई वर्सं झाली कापडं वाटतोय मी. कुणाच्या अंगावर आज पहिल्यांदा बघितलं बगा!" त्यांनीच पुढे होऊन सुपारी फोडली. करडा शर्ट घडी न मोडता परत आला.

अण्णा आता उरलेली कापडं लवकर शिव म्हणून मागे लागलेत.

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून लिहितो. पेटीच्या तळाशी तुझा डाळिंबी ब्लाउजपीस होता, कोरा. काल मी त्याला कात्री लावली. हात पुसून घेतले होते. माझ्या पांढऱ्या शर्टाच्या गळपट्टीला तो आतून लावलाय. बाहेरून काही कळत नाही. वरचं बटण उघडलं तरच दिसेल. अजून उघडलेलं नाही.