तटस्थ घरातला चहा

आर्ता, शुक्रवार, दुपारच्या नमाजानंतर

दिरे दावाचे आमचे थोर मेहुणे ओब्सिये बोगोरेह यांस, तुमच्या बहिणीचा नवरा रोब्लेह वाइस याचा डोंगरावरून सलाम.

शांतता आहे ना? शेळ्या, उंट, सासूबाईंचे गुडघे, दुकानाचं छप्पर, सगळीकडे शांतता? (तुम्ही "शांतता आहे" असंच म्हणणार, कारण आपल्यात या प्रश्नाला दुसरं उत्तरच नाही. आमच्याकडे उतरलेले पाहुणे तोफा चालू असतानाही एकमेकांना हेच विचारत आणि हेच उत्तर देत, असं तेच सांगतात.) आमच्याकडेही शांतता आहे. मे महिन्यापासून इतकी शांतता घरात शिरली आहे की मला माझी स्वतःची खाट व्हरांड्यात काढावी लागली आहे. माझी प्रकृती बरी आहे. पाठ सोडली तर.

खदरा रागावून तुमच्याकडे आली त्याला महिना होत आला. तिनं तुमचे कान भरले असतीलच, आणि भरावेतच, तो बहिणीचा हक्क आहे. तिनं परत यावं असं मला वाटतं. हे मी पहिल्याच पानावर लिहून टाकतो, म्हणजे हा माणूस मनात काय ठेवून लिहितोय असा संशय तुम्हाला यायला नको. पण या पत्रात मी तुमच्याकडे काहीएक मागणार नाही. फक्त झालं ते कसं झालं एवढं ऐकून घ्या.

तुम्हाला माहीतच आहे, आमचा देश एवढासा, की जन्मभर रेल्वेत गार्ड होतो तरी गाडीला नीट वेग येण्याआधी सरहद्द आल्याचंच आठवतं. अशा देशाच्या मनात आलं की शेजारच्या सोमालियातली भांडणं आपण मिटवावीत. मोठमोठ्या देशांनी तिथे विमानं, जहाजं, सैन्य नेऊन पाहिलं आणि हात टेकले. आमच्याकडे नेण्यासारखं काही नव्हतं, म्हणून आम्ही त्यांनाच इकडे बोलावलं. आमच्या या आर्त्याच्या माळावर मोठा तंबू ठोकला, आणि नुसते वडीलधारे आले तेच शेकड्यांनी. त्यांचे पुतणे, भाचे, कवी आणि अंगरक्षक वेगळे. हॉटेलं भरली, शाळा भरली, मग मंत्रालयाचा एक टाय लावलेला साहेब घरोघर फिरू लागला. आमच्या दारात येऊन म्हणाला, "काका, तुमचं घर आम्ही खास निवडलंय. तुम्ही एका कुळाचे, काकू दुसऱ्या कुळाच्या, तरी एका छपराखाली सुखानं नांदताय. पाहुण्यांपुढे हा आदर्श हवा." मी विचारलं, किती दिवस? तो म्हणाला, शांतता होईपर्यंत, म्हणजे दोन आठवडे. खदरानं माझ्याकडे पाहिलं, पण मी तेव्हा देशाचा विचार करत होतो.

आदर्श घर म्हणून आमच्या वाट्याला दोन शिष्टमंडळं आली, तीही एकमेकांच्या उरावर बसलेली. आतल्या खोलीत नदीकाठचे हाजी मुर्साल आणि त्यांची माणसं, बाहेरच्या खोलीत किनाऱ्याकडचे कर्नल शिरे आणि त्यांची. (कर्नलनं हाजींचं घर तोफेनं पाडलंय. ती तोफ पुढे हाजींच्या पुतण्यांनी पळवली. आता घर बांधून मिळाल्याशिवाय तोफ नाही आणि तोफ परत मिळाल्याशिवाय घर नाही, असं ते भिजत घोंगडं आहे.) मोरी एकच. तिच्या वापराचा करार व्हायला पहिला आठवडा गेला. समसमान हे तत्त्व. एकाला बकऱ्याची कलेजी मिळाली तर दुसऱ्यालाही, एकाचा भाचा आला तर दुसऱ्याचाही येणार. बकऱ्याला कलेजी एकच असते ही अडचण मी साहेबाच्या कानावर घातली, तर त्यानं दुसरा बकरा कापायला सांगितलं. बकरे माझेच होते.

तंबूत काय चालतं म्हणाल तर गुऱ्हाळ. प्रत्येक वक्ता आधी आपल्या आजोबांच्या उंटिणीवर कविता म्हणतो, आणि आपल्यात बोलणाऱ्याला मध्येच तोडायचं नाही, त्यामुळे मूळ मुद्दा यायला दुपार होते. दुपारी तुमच्याच बाजूनं कादची, म्हणजे चघळायच्या नशेची, पानं घेऊन विमान उतरतं. मग सगळे गालात पाला धरून गाद्यांवर टेकतात, आणि तेवढ्या वेळात सगळ्यांची मनं इतकी मोठी होतात की कुणीही कुणालाही अख्खं बंदर देऊन टाकतो. संध्याकाळी पाला उतरला की बंदरं परत घेतली जातात. एक परदेशी निरीक्षक आहेत, खिसेच खिसे असलेलं जाकीट घालून हिंडतात. त्यांना विचारलं की ते रोज म्हणतात, "प्रगती आहे." मला ते फार सभ्य वाटतात.

आता चहाचं. त्या दिवशी साहेब आणि निरीक्षक आमचं आदर्श घर पाहायला आले होते. खदरानं नेहमीसारखा चहा केला. हाजींनी एक घोट घेतला आणि कर्नलकडे पाहिलं. कर्नलनं घोट घेतला आणि हाजींकडे पाहिलं. इतक्या वर्षांत त्यांनी एकमेकांकडे असं सरळ पाहिलं नव्हतं. मग हाजी म्हणाले की दालचिनी जरा जास्त आहे. कर्नल म्हणाले, आणि वेलदोडा नावाला नाही. हाजी म्हणाले, "कर्नलचं बरोबर आहे." अल्लाशपथ सांगतो, साहेबाच्या डोळ्यांत पाणी आलं. निरीक्षक उठून उभे राहिले.

खदरा माझ्याकडे वळली. "तुम्ही सांगा. लग्न झाल्यापासून हाच चहा पिताय ना? चांगला की वाईट?"

मेहुणे, माझ्या जागी स्वतःला ठेवून पाहा. यजमान मी, तटस्थ देशाचा नागरिक मी, समोर दोन बाजूंची पहिली एकवाक्यता काचेच्या भांड्यासारखी टांगलेली. मी म्हणालो, "दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य आहे."

साहेबानं मान डोलावली. निरीक्षकांनीही. खदरानं किटली जमिनीवर ठेवली. "या दोघांनी दहा वर्षं एकमेकांची घरं उडवली, आणि एकमत झालं ते माझ्या चहावर! त्यांचं मला काही नाही, पाहुणे आहेत, आज ना उद्या जातील. (इथे तिचा अंदाज चुकला.) पण तुम्ही हो? तुम्ही या घरचे की त्या तंबूतले?" मी म्हणालो, विचार करून सांगतो. सवय वाईट, दुसरं काय. विचार करून होईस्तोवर ती ट्रकनं शहरात पोचली होती, आणि तिथून तुमची गाडी.

नंतर कळलं ते असं, की चहा उत्तम होता. (स्वयंपाक मी करू लागल्यावर दोन्ही शिष्टमंडळांनी स्वतंत्र निवेदनं काढून हे मान्य केलं.) खरं सांगतो, मेहुणे, घरात इतकी माणसं आहेत की पाय ठेवायला जागा नाही, तरी तिच्यावाचून घर खायला उठतं. सकाळी किटली उचलतो आणि परत ठेवतो.

रीतीप्रमाणे रुसलेल्या बायकोला आणायला नवऱ्यानं वडीलधारे पाठवायचे, तिच्या मानाचं कापड-अत्तर पाठवायचं. पण आमच्या कुळाचे सगळे वडीलधारे तंबूत शांतता करण्यात गुंतलेले, कुणाला सवड नाही. शेवटी लाजतलाजत मी घरातल्याच दोघांपुढे विषय काढला. ओब्सियेभाई, काय सांगू! तंबूत ज्यांना डुलक्या येत, ते दोघे ताठ बसले. तंबूत जाणं बंद झालं. माझ्या लग्नावर तीन समित्या नेमल्या गेल्या. पहिली रुसव्याची कारणं शोधणारी, दुसरी कापडाचा रंग ठरवणारी. तिसरी पहिल्या दोघींतले मतभेद मिटवणारी. हाजी खदराच्या बाजूनं भांडले, कर्नल माझ्या. मग त्यांनी बाजू बदलल्या, कारण समसमान.

एकदाच गंभीर झाले सगळे. मी तोंड पाडून बसलो होतो, तर कर्नल शिरे म्हणाले, "अरे रोब्लेह, बायको माहेरी आहे, माहेर जाग्यावर आहे, गाडी चालू आहे. मग रडतोस काय? माझी बायको या हाजीच्या कुळातली. लढाई पेटली त्या आठवड्यात बापाकडे गेली. तिला आणायला जायचं तर वाटेत सुरुंग पेरलेत. आणि ते मीच पेरलेत." हाजी मुर्सालनी सांगितलं की ती बरी आहे, गेल्या साली विहिरीवर दिसली होती. कर्नलनं विचारलं, जाडी झालीय का? हाजी म्हणाले, नाही, वाळलीय. मग दोघेही मोरीकडे निघाले आणि पहिल्यांदाच "आधी तुम्ही, आधी तुम्ही" करत दारात उभे राहिले. मला त्या दिवशी दोघांचीही फार माया आली, हे लपवत नाही.

असो. पाल्हाळ फार झालं. घरातल्या मोठ्यांना सलाम, लहानांना प्रेम. तिनं विचारलं तर सांगा की रोब्लेह काही मागत नाही, फक्त चुकलो म्हणतो.

तुमचा,
रोब्लेह वाइस

ता. क. हे पत्र पोस्टानं धाडलेलं नाही हे तुमच्या ध्यानात आलं असेल. ज्यांनी ते तुमच्या हातात दिलं ते उंच, लाल दाढीचे गृहस्थ हाजी मुर्साल, आणि त्यांच्या खांद्यावरून वाचायचा प्रयत्न करताहेत ते कर्नल शिरे. रीतीप्रमाणे माझे वडीलधारे म्हणून आले आहेत. त्यांना आत घ्या, उन्हात उभं करू नका.

ता. क. २. मागे फाटकापाशी उभे आहेत तेही त्यांच्याबरोबरचेच. सुरुवातीला दोघेच निघाले होते, पण हाजींनी एक पुतण्या घेतला, मग कर्नलना एक घ्यावा लागला, आणि स्टेशनवर पोचेपर्यंत तत्त्व वाढत गेलं. एकच सूचना, एकाच वेळी दोन बकरे कापा. घरचं झालं थोडं, त्यात व्याह्यानं धाडलं घोडं असं तुम्हाला वाटेल, पण मी घोडं धाडलेलं नाही, तेवढं ध्यानात घ्या.

ता. क. ३. साहेबानं सगळ्यांची तिकिटं आनंदानं काढून दिली. हे दोघे आठवडाभर तंबूत नसले तर तिथे कदाचित खरंच काही ठरेल, असं तो माझ्या कानात म्हणाला. वरिष्ठांना मात्र त्यानं "शांतताकार्याचा शेजारी देशात विस्तार" असं कळवलं आहे, तेव्हा तुमचं घरही आता आदर्श झालं, मुबारक! तिकिटं येण्याची आहेत. जाण्याचं, तो म्हणाला, शांतता झाल्यावर पाहू.

ता. क. ४. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही. पाहुण्याला जा म्हणणं ना तुमच्यात बसतं ना आमच्यात, आणि खदराला मी ओळखतो. हे सगळे तुमच्या बैठकीत गाद्या टाकून बसले आणि कुणीतरी चहा मागितला, की ती उठून गाठोडं बांधायला घेईल. तिला अडवू नका. आमचं घर आता पूर्ण रिकामं आहे, मोरीसकट. रेल्वेनं मला घरच्या माणसांसाठी दिलेला पास याच पाकिटात, घडीच्या आत ठेवला आहे. कर्नलना दिसू देऊ नका, कारण मग हाजींनाही लागेल. तो एकच आहे आणि त्यावर तुमच्या बहिणीचं नाव आहे.