चाकाचे चार नट

छत्रपती संभाजीनगर
८ नोव्हेंबर २०२५

चि. सरूस,

अक्काचे पोटभर आशीर्वाद. वि. वि. आम्ही सगळे खुशाल. गुडघ्याला तेल लावतेस का नाय ते कळव. तुला फोनवर ऐकू येत नाय ते एका अर्थी बरंच झालं. त्याच्यामुळं साक्षरता वर्गात गिरवलेली अक्षरं आपल्या दोघी बहिणींच्या हातात राह्यली.

लई आनंदाची गोष्ट हाय. आपली अपेक्षा जनावरांची डॉक्टर झाली, आता तिला लासूर स्टेशनच्या दवाखान्यात नोकरी लागली. एक तारखेला हजर व्हायचंय. खेड्यापाड्यात म्हशी बघत फिरायचं म्हणजे गाडी पायजे. पण तिचा बाप, म्हणजे माझा ल्योक सुदर्शन, भलता भित्रा. गाडीची चावी सदा कमरेला. त्यानं अट घातली, की आजीला घेऊन लासूरला जाऊन ये, मदतीला मला फोन करायचा नाय. केलास तर गाडी नाय, अन् गाडी नाय तर नोकरीबी नाय.

गुरुवारी गेलो. तिथं मी शेव घेतली, घ्यायचा नसताना कांद्याचा भाव विचारला. येताना मागचं चाक बसलं. पोरगी अगदी शांत. हँडब्रेक ओढला, पुढच्या चाकाला मला दगड लावायला सांगितला. नट आधी सैल करायचे, जॅक मग लावायचा, नायतर हिसक्यानं गाडी घसरते, असं मला समजावलं. पण नट हलंना. ती पान्यावर उभी राह्यली, तरी नाय. मग मी चढले. हसू नको! लुगडं खोचून, तिच्या खांद्याला धरून. नट ढिम्म. तिच्या डोळ्यात पाणी आलं, फोन काढला, बापाच्या नंबरावर बोट नेलं.

तेव्हा मला आपल्या विहिरीवरचं इंजिन आठवलं. नट गंजला की तुझे दाजी पान्याच्या दांड्यावर लोखंडी पाईप चढवून दांडा लांब करायचे. मी फोन तिच्या हातातून काढून घेतला. शेजारी कपाशी वेचणारी मंजुषा नावाची बाई होती, तिनं पाण्याच्या मोटारीच्या खोलीतून दोन हात लांब पाईप काढून दिला. अपेक्षानं सावकाश जोर दिला अन् नट असा किंचाळला की बांधावरचे बगळे उडाले! चारही सुटले, जादा चाक चढवलं अन् घरी आलो.

आता पुढचं वाचून पत्र फाडून टाक. ते नट आदल्या दिवशी सुदर्शननंच असाच पाईप लावून आवळले होते. चारही चाकांचे. पोरीचं चाक निखळू नये म्हणून. अन् मी ओट्यावर बसून त्याला सांगत होते, अजून आवळ, अजून आवळ.

त्याला यातलं काहीच सांगितलं नाय. पंक्चर झालतं म्हणलं तर चावी देईल का? काय करू ते लिही.

तुझी अक्का, वच्छला

गंगापूर
१५ नोव्हेंबर २०२५

ती. अक्कास,

धाकट्या सरूचा वाकून नमस्कार. पत्र फाडलं नाय, तीनदा वाचलं. सुनेलाबी वाचून दाखवलं, तिचं हसणं अजून थांबलं नाय. लहानपणी चिंचेवर चढलीस अन् उतरता येईना, तेव्हा आबांना बोलवायला मला पळवलं होतंस. ह्या टायमाला कुणालाच बोलवलं नाय, शाब्बास.

पण लपवू नको. पोरगी जिंकली अन् बापाला पत्ताच नाय, मग तो चावी देणार कशाच्या जोरावर? बाकीची तीन चाकं अजून त्यानं आवळली तशीच असतील. त्याला म्हण, एक नट खोलून दाखव, पाईप न लावता. अन् तुझी चूक तू आधी सांग. सगळं त्याच्या डोक्यावर घालू नको.

माया हायेच, ती पातळ होऊ देऊ नको.

तुझी सरू

छत्रपती संभाजीनगर
२४ नोव्हेंबर २०२५

चि. सरूस,

आशीर्वाद, अन् एक जास्तीचा. तुझ्या कानाची ताकद गेली ती सगळी डोक्यात आली बघ.

काल सकाळी सुदर्शन गाडी धूत होता. मी सगळं सांगून टाकलं, माझं ‘अजून आवळ’ सगळ्यात आधी. तो भडकला, फोन का केला नाय म्हणून. अपेक्षानं शांतपणे आठवण करून दिली, की अट पप्पांचीच होती. मग मी त्याच्या हातात पाना दिला. वाकला, लालबुंद झाला, चपलेचा अंगठा तुटला, पण नट काय हलला नाय. माझ्याशेजारी ओट्यावर येऊन बसला. हळूच म्हणाला, की पोरगी रस्त्यात अडकली असती तर ती त्याच्याच हातानं अडकली असती. मी म्हणलं, निम्मा हात माझा.

तोवर अपेक्षानं बापाचाच घरातला पाईप लावून तिन्ही चाकांचे नट ढिले केले, अन् नुसत्या पान्यानं, समोरासमोरचे, बेतानं आवळले. पाईप सोडवायला लावायचा, आवळायला नाय, असं बापाला बजावलं. तो शाळेतल्या पोरासारखा मान हलवत होता.

दुपारी तो पाईप घेऊन बाहेर गेला. मला वाटलं, रागानं भंगारात घालतो. परत आला तर पाईप डिक्कीत मावेल एवढा कापून आणलेला. मग माझ्या जुन्या लुगड्याची चिंधी मागून घेतली अन् धरायच्या टोकाला गुंडाळली, तिच्या हाताला टोचू नये म्हणून. पाईप डिक्कीत ठेवला, कमरेची चावी सोडली अन् तिच्या हातात दिली.

येत्या रविवारी तिच्या गाडीतून तुझ्याकडं येतो. सुदर्शन मागं बसणार, अन् पट्टा लावायचा, हे त्याला आत्ताच सांगून ठेवलंय. भाकरी जास्तीच्या टाक, अन् अशीच वेळेवर अक्कल देत जा.

तुझीच अक्का, वच्छला