प्राचीची मुलाखत

४ फेब्रुवारी
परत वाघोलीचं कॉलेज. रील्स बघून मुलींना स्वतःच्या शरीराबद्दल काय वाटतं, हा माझा एम.ए.चा विषय. सगळ्यांचं उत्तर एकच, "मला नाही फरक पडत." आणि बोलताना ओढणी सारखी करणं चालूच. वैताग.
फक्त प्राची (खरं नाव इथेही नको) नीट बोलली. चुलतबहिणीचे फोटो दिसले की त्या दिवशी जेवण जात नाही, म्हणाली. शेवटी तिनेच विचारलं, "ताई, बाकीच्या मुली माझ्यापेक्षा बारीक आहेत का हो?"
असं सांगता येत नाही, म्हटलं. चेहरा पडला तिचा.

९ फेब्रु.
गाईड मॅडमनी मुलाखत वाचली. "चला, एक तरी मुलगी खरं बोलली तुमच्याशी." त्यांच्या तोंडून हे म्हणजे कौतुकच. आता प्रबंधातलं अख्खं प्रकरण प्राचीवर उभं.

१७ फेब्रु.
प्राचीचा मेसेज. "माझं बोलणं काढून टाका ताई. तुमच्याशी बोलल्यापासून आरशासमोरून हलत नाहीये मी. आधी नुसतं वाटायचं. आता त्याला शब्द मिळालेत."
आधी तिचा राग आला. मग स्वतःचा. समुपदेशक बाईंचा नंबर पाठवला.
उत्तर : "म्हणजे मी आता पेशंट का?"


१८ फेब्रु.
मॅडम : "संमतीची सही आहे ना? नाव बदललंय ना? मग?"
मी : पण ती आता नको म्हणतेय.
"मग प्रकरण कशावर लिहिणार आपण? सद्सद्विवेकावर?"
संध्याकाळी अकोल्याहून आईचा फोन. "वाळली काय वं तू? फोटोत बरी दिसून राहिली मात्र."
घ्या. इथेही तेच.

२२ फेब्रु.
प्राचीने खडकी स्टेशनवर बोलावलं. घरी आई असते म्हणून. बाकावर बसलो.
"काढायच्या आधी एकदा ऐकवा. काय बोलले मी?"
मोबाईलवर मुलाखतीचं रेकॉर्डिंग लावलं. एक इअरफोन तिच्या कानात, एक माझ्या. बराच वेळ ओठ चावत ऐकत होती. मग म्हणाली, "किती वाईट बोलते हो ही मुलगी स्वतःबद्दल."
बंद करायला गेले, तर हात धरला माझा. "राहू दे."
गाडी धडधडत गेली, चार वाक्यं त्या आवाजात बुडाली. तिने ती परत लावायला लावली.
वापरू का, हे विचारायचं राहिलंच. राहिलं, की मीच टाळलं —