लॉनीच्या हातचं काम

चिकाशा, ओक्लाहोमा
११ मे २०१३

प्रिय गारलंड,

तुझं पत्र मिळालं. ट्वायलाचा खोकला थांबला असेल, अशी आशा आहे. इकडे वाऱ्याने खुराड्याचं छप्पर उडवलं होतं. मी ते परत ठोकून बसवलं. कोंबड्या शाबूत आहेत. भेंडी मात्र अजून लावलेली नाही, कारण सध्या माझे दिवस लॉनीच्या ट्रकखाली दुरुस्तीत जातात. कुणीतरी तुला ते सांगितलंच आहे, म्हणून तर तू पत्र लिहिलंस.

वर ‘प्रिय’ लिहिलंय ते सवयीने. पत्र संपेपर्यंत ते तिथे टिकतं का, बघू.

तुमच्या ट्रकवाल्यांच्या क्लबची रीत मला माहीत आहे. सभासद गेला की त्याच्या ट्रकला कुणी हात लावायचा नाही. ट्रकांच्या जत्रेच्या दिवशी तो मैदानाच्या फाटकाशी सर्वांत पुढे ठेवायचा, स्प्रिंगांच्या जागी बसवलेल्या रबरी फुग्यांतली हवा सोडून पोट गवताला टेकवायचं, टोप्या काढायच्या. समोर पाटी: ‘लॉनी ओव्हरस्ट्रीटने बांधला. त्याने ठेवला तसाच.’ तुमचा हेतू चांगला आहे. पण ट्रक ट्रेलरवर चढवून न्यायचा? ट्रेलरवर ट्रक आणणाऱ्याला माझा नवरा विचारायचा, “काय रे, बाळ अजून चालायला लागलं नाही वाटतं?” आणि आता त्यालाच तुम्ही कडेवर घेऊन जाणार!

फोनवर तू म्हणालास, “नदीन, ट्रकच्या मागच्या बाजूचं काम तसंच राहू दे. ते लॉनीच्या हातचं आहे.”

मी म्हटलं, “ते वाईट काम आहे.”

“असेना. त्याचं आहे ना!”

तू हे दोनदा म्हणालास, आणि दुसऱ्यांदा जरा घाईने. ते माझ्या ध्यानात राहिलं.

तर काय होतं ते ऐक. हवा सोडली की ट्रक बसतो आणि पोरं शिट्ट्या मारतात, तुम्ही तेवढंच बघता. हवा भरून रस्त्याला लागल्यावर मागचा ॲक्सल कशाच्या भरवशावर जागेवर राहत होता, ते मी बघितलं. कशाच्याच नाही. डावा फुगा सायलेन्सरच्या नळीला इतका चिकटून बसवला होता की रबर भाजून तडकलं होतं. ॲक्सलला वर यायला जागा म्हणून चासीला खालून खाच कापली होती आणि तिला आतून पट्टीचा आधार दिलेला नव्हता. ॲक्सल धरणारे दांडे एका बाजूला लांब, एका बाजूला आखूड. मी तीस वर्षं मुलांना भूमिती शिकवली. असा चौकोन कुणी वहीत काढला असता तरी मी त्याला वर्गाबाहेर उभं केलं असतं. आणि दांड्यांच्या ब्रॅकेटवरचं वेल्डिंग म्हणजे नुसता वर थापलेला थर. आत लोखंडाला लोखंड धरलेलंच नव्हतं.

त्यातलं एक ब्रॅकेट ऑक्टोबरात लॉटनच्या रस्त्यावर उखडलं. ॲक्सल तिरका झाला आणि आम्ही दोघं कुंपण तोडून बैलांच्या कुरणात शिरलो. लॉनीचा खांदा निखळला. तशा अवस्थेत तो पोलिसाला म्हणाला, “चूक माझी आहे, साहेब. बांधलाय मीच.”

मग नोव्हेंबरातलं क्लबचं जेवण, खिमा-राजम्याच्या तिखट चिलीचं. तू टेबलावर हात आपटून विचारलंस, “लॉनी, तू वेल्डिंग केलं होतंस का वर कबुतर शिटलं होतं?” सगळे खो खो हसले. लॉनीही हसला. “कबुतरच बरं,” तो म्हणाला, “निदान बिअर तरी मागत नाही.” हात गळ्यात बांधलेला, आणि चिली डाव्या हाताने खाता येत होती म्हणून खूश. डावखुऱ्याचा उजवा खांदा गेला, नशीबच म्हणायचं.

डावखुरा. आता तुला कळलं असेल मी कुठे निघाले आहे.

मी रंग खरवडला तेव्हा वेल्डच्या लाटा, वितळलेलं लोखंड थिजताना उठतात त्या, उघड्या पडल्या. माझं फाटक, टपालपेटीचा खांब, परसातली चूल, सगळं लॉनीने वेल्ड केलेलं. त्याच्या लाटा एकाच बाजूला सरकत जातात. ट्रकखालच्या सगळ्या उलट्या जातात, उजव्या हाताने ओढलेल्या. आणि प्रत्येकीच्या शेवटी अंगठ्याने दाबावा तसा खळगा आहे, कारण हात लवकर उचललाय. तसे खळगे मी आणखी एका ठिकाणी पाहिले आहेत. तू स्वतः बनवून मला दिलेल्या लोखंडी बाकावर.

ज्या वसंतात लॉनीच्या पाठीचं ऑपरेशन झालं, त्या वसंतात मी टल्साला आईपाशी होते. परत आले तर ट्रक तयार होता. मला वाटलं, त्यानेच केला; तशा पाठीने तो ट्रकखाली कसा झोपला असेल, हे मनातही आलं नाही. तुझ्या दुकानावर तेव्हा नुकतीच पाटी लागली होती: ‘वेल्डिंगची सर्व कामे.’ लॉनीने एक शब्द काढला असता तर तुझ्या दारात कुणी आलं नसतं. त्याने काढला नाही. पोलिसासमोर नाही, तुझ्या त्या कबुतरासमोर नाही, आणि माझ्यासमोरही नाही. शेवटचं मला फार लागतंय; पण त्याच्याशी भांडायची सोय राहिलेली नाही, म्हणून तुझ्याशी भांडते.

मागचं सगळं मी कापून काढलं. खाचेला आतून पट्ट्या दिल्या, दांडे सारखे केले, फुगे नळीपासून दूर नेले. वेल्डिंग मीच केलं; ते मला लॉनीनेच शिकवलंय. आधी भंगारावर करून पाहिलं. तुकडे शेगड्याच्या लोखंडी जबड्यात आवळून हातोड्याने वाकवले, आणि ते तुटायचे थांबले तेव्हाच ट्रकला हात लावला. काल लॉटनच्या रस्त्याने जाऊन आले. बैल तिथेच आहेत. मी सरळ पुढे गेले.

ट्रेलर पाठवू नकोस. येत्या शनिवारी जत्रेला मी ट्रक चालवत आणणार आहे आणि फाटकाशी, पहिल्या जागेवर, उभा करणार आहे. कुणाला अडवायचं असेल त्याने समोर येऊन अडवावं. तुमची पाटी मात्र चालणार नाही. ट्रक त्याने ठेवला तसा नाही, आणि खोटं त्याच्या नावावर पुरेसं झालंय.

उखडलेलं ते ब्रॅकेट मी भंगारात टाकलेलं नाही. लॉनीच्या सीटवर ठेवून आणते आहे. टोप्या काढून झाल्या की ते ट्रकपुढे गवतावर ठेवीन आणि खडू तुझ्या हातात देईन. त्या लोखंडावर कुणाचं नाव लिहायचं, ते सगळ्यांदेखत तू लिही. लॉनीचं लिहिलंस तर मी पुसीन, आणि खडू पुन्हा तुझ्याच हातात देईन.

वरचा ‘प्रिय’ मी खोडलेला नाही. तो लॉनीच्या भावासाठी आहे. शनिवारी तो आला तर त्याचाच राहील.

स्वतःच्या चाकांवर येणारी,
नदीन ओव्हरस्ट्रीट