पूर्वेकडच्या लाइनचा व्हॉल्व्ह

अण्णा,

तुम्ही गेलात त्याला अठरा वर्षं झाली, आणि एवढ्या वर्षांत मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही. आज लिहितोय, कारण एका व्हॉल्व्हबद्दल बोलायचंय आणि त्यातलं कळेल असं माझ्या ओळखीत तुमच्याशिवाय कोणी नाही. इथे जपानमध्ये, कावासाकीतल्या आमच्या ऑफिसखाली एक कॉन्बिनी आहे, चोवीस तास उघडं असतं ते दुकान. तिथे खिडकीशी बसून खायची जागा केलेली आहे. तिथे बसलोय. दुपारचे साडेचार वाजलेत, कॉफी केव्हाच गार झाली, आणि भराभर लिहितोय, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नका. म्हणजे तुम्ही ठेवायचातच, पण आज राहू द्या.

मी काय काम करतो हे तुम्हाला सांगायची वेळच आली नाही. तुम्ही आयुष्यभर नगरपालिकेची ती उंच लोखंडी चावी खांद्यावर टाकून गावाला पाणी सोडलंत. मी तेच करतो, फक्त खुर्चीत बसून. आमच्या कंपनीने फार पूर्वी लिबियात, समुद्रकाठच्या एका शहरात, खारं पाणी गोडं करायचा प्लांट बांधला. तिथे तेव्हा एका माणसाची हुकूमशाही होती. ज्या वर्षी लोक त्याच्याविरुद्ध उठले, त्याच वर्षी इकडे मोठा भूकंप झाला. तिकडचे जपानी इंजिनियर जीव मुठीत धरून परत आले आणि लगेच इथली जमीन हलली. आम्ही तेव्हा टोकियोत हिगाशी-कसाईला राहत होतो, मुलगी सहा महिन्यांची. अणुभट्टी फुटून पाण्यात किरणोत्सर्ग उतरला, तान्ह्या बाळांना नळाचं पाणी देऊ नका असं सांगितलं गेलं, आणि मी, व्हॉल्व्हमनचा मुलगा, स्वयंपाकघरात नळाखाली पातेलं धरून नुसता बघत उभा राहायचो. बिल्डिंगमधली अर्धी भारतीय कुटुंबं परत निघून गेली. आम्ही राहिलो, तेही धैर्याने नाही. जावं का राहावं हे माझं ठरेचना, म्हणून राहिलो. पुढे तो हुकूमशहा गेला, पण तिकडे माणसं पाठवायची कंपनीची हिंमत झाली नाही. त्यांनी प्लांटचे सगळे आकडे कावासाकीच्या एका पडद्यावर आणले, आणि इंग्रजी बरं म्हणून तो पडदा माझ्यासमोर ठेवला.

तिथल्या सकाळच्या पाळीचे इंजिनियर आहेत, साठीला आलेले. मी त्यांना मनातल्या मनात काका म्हणतो. आमच्या दुपारी तीनला तिथे सकाळचे आठ वाजतात, आणि कामाच्या दिवशी तीनच्या ठोक्याला त्यांचा फोन येतो. ते पाच आकडे वाचतात आणि शेवटी म्हणतात, ‘योशी’. इथे रेल्वेतली माणसं सिग्नलकडे बोट दाखवून मोठ्याने असं म्हणतात. पाहिलं, ठीक आहे, असा अर्थ. काका तरुण असताना प्लांट बांधायला आलेल्या जपान्यांकडून शिकले. मग मीही ‘योशी’ म्हणायचं आणि फोन ठेवायचा. सात वर्षं हे चाललंय आणि मी त्यांचं तोंडही पाहिलेलं नाही. माझी मुलगी मराठीत विचारलं तरी जपानीत उत्तर देते असं एकदा सांगितलं, तर पोट धरधरून हसले. इटलीत वाढणारी त्यांची नातवंडं म्हणे इटालियनमध्ये भांडतात.

हुकूमशहा गेल्यावर सगळं सुरळीत होईल असं काकाही धरून चालले होते. पण झालं काय, की बंदुका लोकांकडे राहिल्या आणि सरकारं दोन झाली. दोन्ही सरकारांनी प्लांटला आपापला मॅनेजर नेमला. दोघांचे शिक्के वेगळे, म्हणून रोजच्या रिपोर्टवर दोन शिक्के यायला लागले, आणि आमचे काचो, म्हणजे विभागाचे साहेब, दर सोमवारी मला विचारायचे की यातला खरा कुठला. मी काय सांगणार, कपाळ? काकांच्या खणात चार प्रकारचे झेंडे असायचे. फाटकाशी ज्यांची गाडी येईल त्यांचा काढून टेबलावर ठेवायचा. पूर्वी एकाच माणसाला घाबरायचं असायचं, ते म्हणाले, आणि तो कशाने चिडतो हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. आता रोज सकाळी नव्याने शिकावं लागतं. हे ते हसत सांगायचे. मी हसायचो नाही.

सहा दिवसांपूर्वी तीनला फोन आला. काकांनी पाच आकडे वाचले आणि ‘योशी’ म्हटलंच नाही. आवाज सपाट होता, फोन स्पीकरवर टाकलेला होता. ते सावकाश इंग्रजीत म्हणाले की इथे काही मंडळी आली आहेत आणि त्यांना पूर्वेकडची लाइन बंद करून हवी आहे. पूर्वेला दुसऱ्या गटाचा ताबा आहे, अण्णा. पण पाणी काय त्या गटालाच जातं? अर्धं शहर आहे तिकडे, दवाखाना आहे, काकांच्या बहिणीचं घर आहे. मग ते म्हणाले, “मी यांना सांगितलंय की हा व्हॉल्व्ह आम्हाला हलवता येत नाही, फक्त जपानला येतो. बरोबर ना?”

हे खोटं होतं. त्या व्हॉल्व्हला हाताने फिरवायचं चाक आहे, काकांच्या खोलीपासून पन्नास पावलांवर, आणि दोन धट्टीकट्टी माणसं ते पाव तासात बंद करतील. हे त्यांना माहीत होतं आणि मला माहीत होतं, त्या मंडळींना माहीत नव्हतं. माझ्या पडद्यावर तर ते एका क्लिकचं काम. बंद करतो म्हटलं तर अर्धं शहर तहानेने मरायला टाकायचं, होत नाही म्हटलं आणि ते खोटं पकडलं गेलं तर काकांना तिथल्या तिथे गोळी.  शेजारच्या टेबलावरचा मुलगा शांतपणे स्टेपलर भरत होता आणि मला आपलं गावचं घर दिसलं.

तुम्हाला आठवत असेल. गावात दंगल झाली होती, संचारबंदी दुपारी दोन तास उठवली होती, तुम्ही स्वयंपाकघरात जेवत होतात. दारावर सात-आठ माणसं आली. आईने मला पुढे ढकललं आणि कानात सांगितलं, अण्णा घरी नाहीत म्हण. मी म्हटलं. आणि तुम्ही खरकट्या हाताने उठून माझ्यामागे येऊन उभे राहिलात. “आहे मी. काय पाहिजे?” त्यांना खालच्या आळीचं पाणी तोडून हवं होतं. तुम्ही म्हणालात, चावी साहेबांच्या कपाटात असते, साहेबांची सही आणा, लगेच बंद करतो. आणि चावी तर आपल्या स्वयंपाकघराच्या दारामागे उभी होती, मी सरळ तिच्याकडेच बघत होतो. ते शिव्या देत गेले. तुम्ही परत पाटावर बसलात आणि मला म्हणालात, “चावीचं खोटं बोललो, ते माझ्याकडे राहू दे. पण मी घरात असताना घरात नाही म्हणून सांगायचं नाही. परत कधी नाही.” मग तांब्या तोंडाला लावलात. तो दातांवर वाजत होता. मी आठ वर्षांचा होतो, मला वाटलं तुम्ही माझ्यावर चिडून थरथरताय. चारला तुम्ही चावी घेऊन गेलात आणि खालच्या आळीला वेळेवर पाणी आलं.

तर मी फोनवर तुमचीच चाल खेळलो. म्हटलं, बरोबर आहे, तो व्हॉल्व्ह इथून कुलूपबंद आहे. हलवायचा तर आधी मीटिंग होते, मग कागद टेबलाटेबलावरून फिरतो, त्यावर तीन साहेबांचे तीन शिक्के लागतात, एक जरी रजेवर असला तरी थांबावं लागतं, तीन आठवडे कमीत कमी. जपानमध्ये काम केलेल्या कोणालाही हे पटलं असतं. मागे कोणीतरी अरबीत बोललं, कोणीतरी हसलं. मग फोन बंद झाला.

ते हसणं कसलं होतं याचा मी सहा दिवस विचार करतोय. पूर्वेकडे पाणी जातंय हे पडद्यावर दिसतं, पण फोन नाही. मी केला तर कोणी उचलत नाही. आकड्यांवरून व्हॉल्व्ह कळतो, माणूस कळत नाही. रात्री फुनाबोरीला घरी गेलं की बायको विचारते काय झालं, मी म्हणतो काही नाही, आणि नळ सुरू झाला की दचकतो. सारखं वाटतं, काकांनी दिलेलं खोटं मी पुरं केलं, पण बंदूक त्यांच्या शेजारी होती, माझ्या शेजारी स्टेपलर होता.

आज तीनला फोन वाजला. नंबर प्लांटचा. इथल्या ऑफिसात तिसऱ्या घंटीच्या आत फोन उचलायचा असतो, अशी शिस्तच आहे. पाच झाल्या, सहा झाल्या, सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला वाटत होतं, उचलत नाही तोवर काका आहेत. उचलला आणि दुसराच आवाज आला तर संपलं. शेवटी काचोंनी हात लांब करून उचलला. थोडं ऐकून रिसीव्हरवर हात ठेवून मला म्हणाले, तुमचा आहे. मी नाकासमोर हात हलवला. इथे नको असंच सांगतात.  मग काचो आपल्या मोडक्या इंग्रजीत काहीतरी बोलले, पिवळ्या कागदावर लिहून घेतलं, आणि फोनलाच वाकून नमस्कार करून तो ठेवला.

कागदावर पाच आकडे होते. काचो म्हणाले, “त्यांनी शेवटी ‘योशी’ म्हटलं, तिकडचा माणूस योशी म्हणतो हे मला नवीनच होतं.”  काका जिवंत आहेत, अण्णा. मला रडू आलं आणि मी ते खोकल्यावर नेलं. काचो उभेच होते. म्हणाले, पण ते तुमचीच चौकशी करत होते, तीनदा विचारलं, तो ठीक आहे ना, त्याला माझ्यामुळे काही त्रास झाला नाही ना. “मी सांगितलं, जागेवर नाहीत.”

पत्राच्या चार घड्या करून पाकिटात ठेवतोय, तिकीट लावून टाकायला पत्ताच नाही. उद्या तीनला काय करेन ते अजून माहीत नाही. पण तुम्हाला खरं सांगतो, मी जागेवरच होतो.