बुवांची लांब तान

पौड, ४ फेब्रु. ८८
बुवांचा मुलगा पुण्याहून आला. उरवड्याच्या देवळातल्या बैठकीचं स्पूल हवंय. मुंबईत 'डिजिटल' करून खरखर काढणार, मग कॅसेट. म्हटलं, खरखरीसोबत आणखी काय काय जाईल? हसला. "मास्तर, तुम्ही फक्त ऐका." दिलं शेवटी. गुरुपुत्र, नाही कसं म्हणणार? पण एकच प्रत आहे. जीव थाऱ्यावर नाही.

२० फेब्रु.
स्पूल परत आलं. हुश्श. सोबत नमुन्याची कॅसेट. स्वच्छ आहे खरी, फारच स्वच्छ. सभामंडपाचा घुमारा गेला, तंबोरा पत्र्यासारखा वाजतो. काहीतरी गडबड आहे.

२१ फेब्रु., दुपारी
सापडली! ती लांब तान. वीस वर्षं शाळेतल्या पोरांना ऐकवतोय, "याला म्हणतात दम!" कॅसेटमध्ये मधेच आवाज बदलतो. लबाडांनी भलत्याच कुणाचा तुकडा जोडला. खरमरीत पत्र लिहायला बसलो. पुरावा हवा म्हणून स्पूल लावलं, तर तिथंही... खरखरीखाली, पण आहे.
रेकॉर्डिंग मीच केलं होतं. अख्खी बैठक टेपच्या मशीनच्या काट्याकडे बघत.

२२ फेब्रु.
उरवड्याला अक्काकडे. त्या दिवशी बुवांच्या मागे तंबोऱ्यावर तीच होती. सोबत नेलेली कॅसेट तिनं हरभरा सोलता सोलता ऐकली.
"मीच हाय ती. बुवांना खोकल्याची उबळ आली, मी तान पुरी केली. मागं बसणाऱ्याचं कामच हाय ते."
"बोलली का नाहीस कधी?"
"तू इचारलंस कवा?"
लाज वाटली. सख्ख्या बहिणीचा आवाज.

२७ फेब्रु.
गुरुपुत्राचं पत्र. 'मागचा आवाज फार उघडा पडतो. तेवढी तान कापू. मूळ स्पूल पुन्हा लागेल, शुक्रवारी माणूस पाठवतो.' मूळच का? परत मिळेल? मी उगाच मुंबईच्या मशीनवर डूख धरला. मशीननं तर अक्का दाखवली.

३ मार्च, गुरु.
अक्का सकाळच्या एस्टीनं आली. पत्र वाचून दाखवलं.
"बुवांचं नाव हाय, बापू. दिऊन टाक."
स्पूल पेटीतून काढलं. तशी म्हणाली, "थांब. आदी एकदा लाव. जुनंच."
लावलं. बुवांचा श्वास तुटला तिथं अक्कानं सूर धरला. मशीनमधल्या अक्कानंही, समोरच्या अक्कानंही. साठीचा गळा, थरथरला, पण पोचली समेवर. मला रडू आलं.
मग तिनंच स्पूल पेटीत ठेवलं, कुलूप लावलं. किल्ली कमरेला खोचून चहा टाकायला गेली.
उद्या माणूस येतोय. अक्का म्हणते, मुक्काम करते आजचा.